उंदरांचा काढा

फार्मसीत पीएचडी करताना माझं काम काय होतं? उंदरांना उदास करायचं, मग चिनी जडीबुटीचा काढा पाजून ते सावरतात का ते बघायचं. ऐकणारे खो खो हसायचे. "उंदराले कायचं टेन्शन गा?" माझं टाळकंच सरकायचं. अहो, उदास उंदीर ओळखू येतो! शेजारी साखरपाणी ठेवलं तरी त्याला गोडाची ओढ राहत नाही.

हुडकेश्वरला आमच्या घरी तेव्हा धाकटा भाऊ असाच झाला होता. नोकरी सुटली आणि तो खोलीबाहेर येईना. डॉक्टरचं नाव काढलं की आई भडकायची. "माझा पोरगा पागल नाही!" पण माझ्या काढ्यावर तिचा भारी विश्वास. "उंदराले पाजून राहिली, सख्ख्या भावाले काहून नाही वं?"

"अगं, माणसांवर तपासला नाही आम्ही. त्याचं बरंवाईट झालं म्हणजे?"

"झाडाच्या मुळ्याच त आहे," म्हणून ती फुरंगटली.

एका शनिवारी तुरीच्या शेंगा सोलताना तिनं विचारलं, "उंदीर उदास होते कसा पण? मारता का त्याले?"

"छे! बोटही लावत नाही. रोज थोडा थोडा छळ. कधी पिंजऱ्यातला भुसा ओला करायचा, कधी पिंजरा कलता ठेवायचा, कधी सोबत्यांपासून वेगळं काढायचं. आज काय होणार ते त्याला कळू द्यायचं नाही. काही आठवड्यांत बसतो कोपऱ्यात."

मी आपली बडबडत होते. आईचे हात थांबले. सकाळीच बाबांनी भावाच्या खोलीतला पंखा बंद केला होता, "लोळणाऱ्याले हवा कायले पायजे?" म्हणून. जेवायला त्याला कोणी हाकच मारत नसे. ताट दाराशी सरकवायचं, झालं.

"आपण त्याले हेच करून राहिलो ना वं?"

मला रडूच आलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. "आजार काही नुसता आपल्यामुळे नाही आई," मी म्हटलं, "पण त्याला डॉक्टर पाहिजे. काढा नको."

ती शेंगा तशाच टाकून उठली आणि भावाच्या खोलीत जाऊन त्याच्या पलंगावर बसली.

"ऊठ बाप्पा. डॉक्टरकडे जाऊ आपण."

"लोकं पागल म्हणतीन मले."

"लोकं गेले खड्ड्यात," आई म्हणाली. "मले तू पायजे."