उंचावरची धार

लोणावळ्याच्या फलाटावर पाणी पाजणारा तो पाणक्या आधी जात विचारी. माणूस अस्पृश्य निघाला की विटाळ नको म्हणून हात उंच नेई आणि गप्पा मारत वरून धार सोडी. वाऱ्याचा, उंचीचा, हलत्या ओंजळीचा हिशेब त्याचा हात आपणच करी. एक थेंब बाहेर जात नसे.

एकदा तो एका म्हाताऱ्याला असंच पाणी पाजत असताना न राहवून मी म्हणालो, "काय नेम आहे हो आबा तुमचा."

"सवय हाय. बघावंबी लागत न्हाई," तो हसला.

पाणी पिऊन झालेल्या म्हाताऱ्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आमची ओंजळबी चुकत न्हाई, भाऊ. ल्हानपनापासनं धरतूय."

समतेची पत्रकं वाटायला मी फलाटावर आलो होतो. त्यातलं एकही त्या म्हाताऱ्यापुढे करायचं धाडस मला झालं नाही.