दुधाच्या पिशवीतला जोड

दिवाळीत लाईटच्या माळेची वायर तुटली की आमच्या बावड्यातल्या गल्लीत लोक मलाच हाक मारतात. मी जोड देतो आणि देता देता सगळ्यांचं डोकं खातो. दोन्ही तारांचे जोड शेजारी नकोत, पुढंमागं हवेत. वर तापवली की आवळून बसणारी नळी हवी. आणि माळ कपड्यांच्या तारेवर सोडायची नाही, मग कुणी का रुसेना. "लई किरकिर करतोस की," शेजारीण म्हणते. म्हणू दे.

चार वर्षांपूर्वी मी एवढा शहाणा नव्हतो. अंगणातल्या कपड्यांच्या लोखंडी तारेवरच माळ गुंडाळली होती; गल्लीत सगळेच गुंडाळायचे. मधल्या जोडाला चिकटपट्टी मारली आणि पाऊस लागू नये म्हणून वर दुधाची रिकामी पिशवी बांधली. तिचं तोंड वरच्या बाजूला ठेवलं. रात्री पाऊस झाला आणि पिशवीत पाणी साठलं.

पहाटे अंघोळ करून माझे वडील, आण्णा, ओला पंचा वाळत घालायला अनवाणीच अंगणात गेले. धप्पकन आवाज आला. मी धावत जाऊन बटण बंद केलं, त्यांना घरात आणलं. मग रिक्षा येईपर्यंत मी ती माळ खाली ओढली. का ओढली, ते मला आजही सांगता येत नाही. खोटं बोलतोय. कुणी बघू नये म्हणून ओढली.

दवाखान्यात मी सांगितलं, चक्कर येऊन पडले. बीपी होतंच. सगळ्यांनी हार्ट अटॅकच धरला.

आदल्या रात्री फराळाच्या गडबडीत आण्णांची बीपीची गोळी द्यायची आईकडून राहिली होती. तेव्हापासून ती स्वतःला खाते आहे, आणि मी बघतो आहे. कुणी ओला पंचा झटकला तरी माझा हात बटणाकडं जातो. झोपेतही जातो, असं बायको सांगते.

यंदा उटणं लावताना आईचा हात मध्येच थांबला. "गोळी दिली असती तर तुझं आण्णा आज असतं बघ. इसारलो मी. माझ्याच हातनं गेलं माणूस."

"गोळीनं काय झालं न्हाय, आई."

"मग कशानं?"

तिला खरंच विचारायचं होतं. शब्द ओठांवर आले होते, देवाशपथ आले होते.

"वय झालतं त्यांचं," मी म्हटलं.

"एकसष्ट म्हंजे काय वय असतंय व्हय?" असं म्हणून ती माझ्या पाठीला पुन्हा उटणं चोळू लागली.