चित्रात राखलेली चिंच

मंडळी, डोक्याला पट्टी आहे, तरी आजच सांगून टाकतो.

मी ठाण्याला एका गोऱ्या साहेबाकडे नकाशे काढतो. कळव्याला खाडीकाठी त्याला बंगला आणि बाग हवी आहे. बंगल्यातून खाडी दिसावी म्हणून नकाशातून मी मधली जुनी चिंच उडवली. तिच्या बुंध्याशी मिठागरवाल्यांचा शेंदूर फासलेला गावदेव आहे.

नकाशा गावाला कळेना. म्हणून साहेबाने बागेचं रंगीत चित्र काढायला लावलं. ते बोडकं दिसत होतं. अशा वेळी कडेला एखादं डेरेदार झाड काढायची आमची जुनी खोड. मी तीच चिंच काढली, देवासकट!

गावचा म्हातारा पाटील चित्र बघून हसला. मी पुढे केलेल्या कागदावर त्याने अंगठा दिला. तो कागद नकाशाचा होता.

आज सकाळी माझ्यासमोर चिंचेवर पहिली कुऱ्हाड पडली आणि मिठागरातून माणसं कोयते घेऊन धावली. लाकूडतोड्याचा हात मनगटाशी लोंबायला लागला. साहेबाच्या शिपायाने बंदूक झाडली. पाटलाचा थोरला मुलगा, दोन पोरांचा बाप, देवावरच कोसळला.

पाटलाने माझी मान धरून डोकं बुंध्यावर आपटलं. "चितरात हे झार तूच काढलंस ना? मंग तोरायला कसा आयलास?"

"चित्र बरं दिसावं म्हणून काढलं," मी म्हणालो.

माझ्या मानेवरची त्याची पकड सुटली.

मंडळी, बंदूक शिपायाची होती. गोळी कुणाची म्हणायची?