मुंबई ते दिल्ली, सुनंदापेक्षा पाऊण तास जास्त

मुंबईहून दिल्लीला विमानानं किती वेळ लागतो, हे आमच्या घरात सुनंदाला विचारायचं. सुनंदा म्हणजे माझी धाकटी जाऊ. नाशिकजवळ आमचा गुलाबांचा मळा आहे आणि फुलांची खोकी विमानानं दिल्लीला जातात. तिथला व्यवहार भाऊजी बघायचे, म्हणून नव्वदच्या दशकात एकदा ते तिला सोबत घेऊन गेले. तेव्हापासून "दोन तासात दिल्ली, ताई, तुमच्या भाकरी व्हायच्या आत" हे मी किती वर्षं ऐकलं. खोकी उडतात, धाकटी उडते आणि थोरली जुड्या बांधते. जळत होते मी, सरळ सांगते.

दोन हजार साल उलटलं, स्वस्त विमानं आली, तशी मी ह्यांच्या मागे लागले. तिकीट लवकर काढलंत तर रेल्वेच्या एसी डब्याइतकंच पडतं. निघाले त्या सकाळी माझ्या वाटची खोकीसुद्धा सुनंदाच भरत होती.

"ताई, खिडकी मागा बरं का. मला मिळाली व्हती," ती मान वर न करता म्हणाली.

नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबईची टॅक्सी धरली. कसाऱ्याला वडा आणि चहा घेतला. तुम्हीही पोटभर खाऊन घ्या, स्वस्त विमानात पाणीसुद्धा विकत मिळतं. मुंबई-दिल्ली रस्त्यानं चौदाशे किलोमीटर, हवेतून साडेअकराशेच्या आसपास. विमानाला दोन तास लागतात, पण नाशिकहून विमानतळ गाठायलाच त्याच्या दुप्पट गेले. हे सुनंदानं कधी सांगितलं नव्हतं.

खिडकी मिळाली. खाली कोरड्या टेकड्या, मग एक नदी, मग नुसतं धुरकट. दिल्ली आली म्हणेपर्यंत वैमानिकानं सांगितलं की खाली गर्दी आहे, उतरायला जागा नाही, घिरट्या घालाव्या लागतील. शेजारचा टायवाला चुकचुकला. मी मात्र खूश. तेवढ्याच तिकिटात सुनंदापेक्षा पाऊण तास जास्त हवेत.

"अगं, हसतेस काय?" हे म्हणाले.

"काही नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे फूलबाजारात गेलो. थंडी असेल तर शाल न्या आणि तिथला आल्याचा चहा चुकवू नका. आमच्या व्यापाऱ्यानं आमचंच खोकं उघडलं. जुड्या एका रेषेत, एक पाकळी दुमडलेली नाही.

"भाभीजी, आज की पॅकिंग बहुत बढ़िया है," तो म्हणाला. "रोज यही हाथ लगवाइए."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी गुलाबांकडे बघत राहिले. इतक्या लांब येऊन मी तिचंच कौतुक ऐकत होते.

घरी आल्यावर घिरट्यांची गोष्ट रंगवून सांगितली. सुनंदाचा चेहरा पडला. "आमचं मेलं लगेच उतरलं," ती म्हणाली. मला लय बरं वाटलं. मग तिनं विचारलं, "आन् माल कसा पोचला? व्यापारी काय बोलला का?"

"नाय," मी म्हटलं. "चांगला होता, एवढंच." ह्यांनी चहाच्या कपात तोंड घातलं.

विमानाचं आता फारसं आठवत नाही, व्यापाऱ्याचं ते वाक्य तेवढं राहिलंय. मी तेव्हापासून तिच्यासारख्या जुड्या बांधायचा प्रयत्न करते, अजून जमत नाहीत. हा ब्लॉग माझी पुतणी, म्हणजे सुनंदाची मुलगी, वाचते. आज ती आईला वाचून दाखवणारच. दाखव गं बाई, व्यापारी काय म्हणाला तेही सांग. पण पाऊण तासाचं आधी वाच.