तुळजाबाईंनी उघडलेल्या चिठ्ठ्या

नेऱ्यातल्या त्या छोट्या पंथाची रीत अशी, की तक्रार चिठ्ठीवर लिहून गुरूंच्या पादुकांखाली ठेवायची आणि पुन्हा तिचा उच्चार करायचा नाही. तुळजाबाई वीस वर्षं त्या पादुका पुसत आल्या. चिठ्ठ्या न उघडता बाजूला करत आणि पुसून झाल्यावर परत खाली सरकवत. मग एकदा नात आरोही म्हणाली, बालवर्गाचा सेवेकरी नको तिथं हात लावतो. तुळजाबाईंनी ते कानावर घातल्यावर पंथाच्या प्रमुखांनी सांगितलं, "चिठ्ठी ठेवा, गुरू बघतील."

तुळजाबाईंनी पादुका उचलून सगळ्या चिठ्ठ्या उघडल्या. त्याच सेवेकऱ्याच्या नावाच्या तीन निघाल्या.

"ह्या माझ्याच हातानं झाकल्या मी. आता माझ्याच हातानं पोलिसांम्होरं ठेवते."

प्रमुख दारात आडवे आले. "पंथाची अब्रू जाईल."

"ती कवाच गेलीय. मी नुसत्या पादुका पुसत बसले व्हते. सरका."