पुढची चाकं उचला

चांदवड सोडून पिंपळगावकडे येताना आमची गाडी बंद पडली; चालवत बाबा होते. मी बॉनेट उघडेपर्यंत पुढे एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. बाबांच्याच वयाचे एक शेतकरी, बाजारात कांदा उतरवून रिकाम्या ट्रॉलीने घरी निघालेले. आमच्या या रस्त्यावर बंद गाडी दिसली की ट्रॅक्टरवाला विचारत बसत नाही, सरळ दोर काढतो. त्याला नको म्हणणं म्हणजे समोर आलेला चहा परत पाठवण्यासारखं.

"नुट्रल करा भाऊ, वढून नेतो गॅरेजपर्यंत."

बाबा म्हणाले, "नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाबा का अडलेत हेही कळत होतं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांच्या डाव्या पायात जोर राहिला नव्हता, म्हणजे क्लच दाबणं संपलं. तेव्हापासून कुठेही जायचं झालं की "तुला वेळ आहे का गं?" असं विचारून माझ्या गाडीत मागे बसायचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आयुष्यभर टर्बाइन सांभाळलेल्या माणसाचं ते विचारणं मला फार लागायचं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आम्ही ही जुनी, क्लच नसलेली ऑटोमॅटिक घेतली. ओढत नेताना हिचा गिअरबॉक्स गेला असता तर बाबा पुन्हा मागच्या सीटवर आले असते.

तरी मला राहवेना. "न्यूट्रलमध्ये गिअर सुटलेलेच असतात ना? मग ओढल्याने बिघडतं काय?"

प्रश्न विचारला की बाबांची कळी खुलते. "अगं, हिचा जोर पुढच्या चाकांना. ती फिरली की गिअरबॉक्सच्या आतले भाग फिरतात. त्यांना तेल देणारा पंप चालतो इंजिनवर. इंजिन बंद, म्हणजे तेलही बंद. आम्ही टर्बाइन बंद केलं तरी ते पुरतं थांबेपर्यंत तेलाचा पंप चालू ठेवायचो. नाहीतर बेअरिंग जळालंच."

शेतकरी दोर हातात धरून विचारात पडले. "म्हंजे हिरीत पाणी नाय, अन् मोटर चालूच."

"अगदी तसंच!"

मग दोघंही भर उन्हात बंपरखाली डोकं घालून बसले. मागची चाकं नुसती फिरतात का, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीचं काय करायचं, प्रश्नांना अंत नाही. टोइंगवाल्याला फोन करायचं मलाच सुचलं.

तो आला आणि सवयीने गाडीच्या मागे हुक लावायला गेला. बाबांनी तोंड उघडायच्या आत शेतकरी ओरडले, "आरं ए, पुढची चाकं उचल! फरफटत नेली तर आतून कोरडी जळंल ना ती!" जणू जन्मभर ऑटोमॅटिकच चालवल्या होत्या. मला हसू आवरेना.

पुढची चाकं उचलली गेली. टोइंगची गाडी हलली, आणि आमची गाडी मागच्या चाकांवर करकरत घासत निघाली.

"बाबा, हँडब्रेक!"

गाडी थांबली की हँडब्रेक ओढायचाच, ही त्यांची जन्माची शिस्त. एवढं सगळं समजावताना तो सोडायचा मात्र राहून गेला होता. शेतकरी गुडघ्यावर थाप मारून हसले. "भाऊ, तेलाचं ध्यान ऱ्हायलं, ब्रेकचं नाय!" बाबा लाजून हसले. असं हसताना त्यांना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

गॅरेजमध्ये पाहिलं तर बिघाड इंजिनला पेट्रोल देणाऱ्या पंपाचा निघाला. तो बदलल्यावर मेकॅनिक चक्कर मारायला निघाला, तर बाबांनी त्याच्या हातून किल्ली घेतली. मी शेजारी बसले. त्यांनी गिअर टाकला. गाडी धक्का न देता, आवाज न करता पुढे सरकली.

नाशिकला पोचलो. घरासमोर त्यांनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

"तू उतर. मी जरा जाऊन येतो."

"कुठे?"

"ते सांगायलाच पाहिजे का?"

मी उतरले.