नाकेदाराच्या पोरीचा पासपोर्ट

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकांत मिसळून गेल्यात. कुठला चोर कुठल्या गावचा, हेही मला पटकन सांगता येत नाही. पण मी सौंसरला थानेदार असतानाचं ते पासपोर्टाचं प्रकरण कुणी झोपेतून उठवून विचारलं, तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगेन. त्यात ना दरोडा होता ना खून, अन् कोर्टाची पायरीही ते चढलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पावसाळा ओसरत होता आणि बागांमधली संत्री अजून हिरवीच होती. सकाळची हजेरी घेऊन मी चहा हातात घेतला, तोच नगरपालिकेच्या जकात नाक्यावरचा नाकेदार बायको आणि पोरीला घेऊन ठाण्यात आला. माणूस ओळखीचा होता. त्याची पोरगी नागपूरला एम.एस्सी. झाली होती आणि सरकारी शिष्यवृत्तीवर पुढं शिकायला विलायतेला निघाली होती. पासपोर्टासाठी तिची चौकशी मीच केली होती. त्या दिवशी तिच्या घरी चहाबरोबर लाडूही खाल्ला होता, हेही सांगून टाकतो.

"जय भीम साहेब," नाकेदार म्हणाला आणि त्यानं पोरीला पुढं केलं. पोरगीच बोलली.

"सर, पासपोर्ट गेला. घरात ट्रंकेत होता. आज पाहिला तर नाही. सोमवारी मुंबईला व्हिसाच्या कचेरीत बोलावलंय."

"अन् सोमवारी नाही गेलीस तर?"

"कॉलेज सुरू होऊन जाईल. मग ती जागा दुसऱ्याला. शिष्यवृत्ती पण."

ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या मुंशीजींनी लगेच रोजनामचा, म्हणजे रोजची नोंदवही, ओढला आणि पेन उघडलं. मी म्हटलं, थांबा. पासपोर्ट हरवल्याचं एकदा कागदावर आलं की तो रद्द होणार, आणि भोपाळहून नवा यायला महिने जाणार. पोरीचं वर्ष आपल्याच शाईनं बुडवायचं होय? आधी शोधू, मग लिहू. मुंशीजींना हे अजिबात पटलं नाही. वीस वर्षं ठाण्यात काढलेला मुंशी आधी लिहितो, मग ऐकतो.

"घरात कुलूप तुटलं? पैसा-अडका गेला?" मी विचारलं.

काहीच गेलं नव्हतं. म्हणजे चोर घरातलाच. "हिच्या जाण्याला कुणाचा विरोध?" असं विचारल्यावर नाकेदारानं बायकोकडं पाहिलं. आई पायाच्या बोटांकडे पाहू लागली. शेवटी पोरगीच म्हणाली, "मोठेबाबा नको म्हणत होते. पण ते असं नाही करणार, सर."

मोठेबाबा म्हणजे नाकेदाराचा थोरला भाऊ. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला, आता भावाच्याच घरी राहणारा. 'ते असं नाही करणार' हे वाक्य मी नोकरीत खूपदा ऐकलं आहे, आणि निम्म्या वेळा त्यांनीच केलेलं असायचं. पोरीला विलायतेला कायले पाठवता, लगन करून द्या, असं म्हणून या माणसानं चौकात भावाशी भांडण केलं होतं, हे साऱ्या सौंसरला ठाऊक होतं.

बस स्टँडवरचा चहावाला आमचा खबरी होता. त्याला बोलावलं, तर मोठेबाबांचं नाव काढताच त्यानं सांगून टाकलं.

"साहेब, थो बुढा काल रामाकोन्याच्या बशीत बसला. हात सारखा बंडीच्या खिशावर. मी म्हटलं, छातीत दुखून राह्यलं का बावा? तं म्हणे, नाई बाप्पा, तब्येत एकदम बढिया हाये. अन् हासला. थो बुढा कधी हासत नाई, साहेब!"

झालं, मला वाटलं केस सुटली. शिपाई पाठवून मोठेबाबांना आणलं. उंच, वाळलेला माणूस होता. बाकावर बसा म्हटलं तरी उभाच राहिला.

"पासपोर्ट कुठं आहे?"

"मले काय मालूम? मी पाह्यलाच नाई. कसा असते थो, हेच मले मालूम नाई."

"काल रामाकोन्याला कशाला गेला होता?"

"पोरगी देली हाये थ्या गावात. भेटाले गेलतो."

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. काही उपयोग झाला नाही. ज्यानं आयुष्यभर मालकांची ओरड ऐकली, त्याच्यापुढं थानेदाराचा आवाज तो केवढा! दरडावल्यावर सांगून टाकणारी माणसं वेगळी असतात, हा त्यातला नव्हता. मला रागही आला होता आणि सोमवारची धास्तीही वाटत होती. दुपार व्हायला आली होती. बाहेर व्हरांड्यात ती पोरगी भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडं पाहवत नव्हतं.

मग मी सूर बदलला. चहा मागवला आणि कंटाळल्यासारखं म्हटलं, "जाऊ द्या हो. एवढं असतं तरी काय त्या चोपड्यात? चार पानं अन् एक फोटो. त्याच्यासाठी माझा दिवस गेला."

म्हातारा एकदम भडकला.

"चोपडं? साहेब, राष्ट्रपतीच्या नावानं लिवलं हाये त्याच्यात! का या पोरीले कोनीबी अडवू नका. बिना रोक-टोक जाऊ द्या. अन् मदत लागली तं मदत करा. आन् तुमी त्याले चोपडं म्हून राह्यले?"

मुंशीजींचं पेन थांबलं. मी कप खाली ठेवला. मग हळूच म्हटलं, "मोठेबाबा, तुम्ही तर तो पाहिलाच नव्हता ना?"

आता ते बाकावर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

पासपोर्ट घरी आला त्या दिवशी पोरीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला होता. हे बाहेर ओट्यावर रुसून बसले होते, पण कान आत होते. "मले तिच्या जाण्याचं भेव वाटे, साहेब. तिकडं तिले कोण हाये? कोनी अडवलं, कोनी हाकललं, तं कोनाले सांगल? मी जवान होतो तं मालकाच्या गावात चप्पल हातात घेऊन गल्ली ओलांडो. पायात घातली म्हून एकदा मार खाल्ला. अन् इथं सरकार म्हणते, हिले अडवू नका! माह्याच भावाच्या पोरीले! म्या आयकलं, अन् मले वाटलं, अजून एकदा आयकाव."

पण इतकं भांडल्यावर घरात पुन्हा वाच म्हणायचं कोणत्या तोंडानं? म्हणून त्यांनी ट्रंक उघडली आणि पासपोर्ट घेऊन थेट व्याह्याचं गाव गाठलं. तिथल्या मास्तरांकडून ते पान वाचून घेतलं. मग व्याह्यानं वाचून घेतलं, शेजाऱ्यानं वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ते ठाण्यात बसले होते त्याच दिवशी, पौर्णिमा होती. विहारात सगळे जमतील, तोवर राहू द्या, म्हणून व्याह्यानं तो ठेवूनच घेतला. संध्याकाळी आणून गुपचूप ट्रंकेत ठेवायचा, असा मोठेबाबांचा बेत होता.

"मग सकाळीच का नाही सांगितलं?"

"चोर म्हणा साहेब, चालते. पन भाऊ हासला असता ना मले!"

मला हसू आवरेना. मी सगळ्यांना जीपमध्ये घातलं आणि रामाकोना गाठलं. पोरगी मागं मोठेबाबांच्या शेजारी बसली होती. वाटभर तिनं त्यांचा हात धरून ठेवला होता. नाकेदार मात्र सारखा खिडकीबाहेर पाहत डोळे पुसत होता. वारा फार आहे, म्हणे.

विहारात पाच-पन्नास माणसं बसली होती. फोटोंपुढं मेणबत्त्या, फुलं, आणि धुतलेल्या रुमालावर तो निळा पासपोर्ट. खाकी वर्दी दिसताच बायका पदर सावरून मागं सरकल्या, दोघं-तिघं उठून उभे राहिले. मोठेबाबांनी हात वर केला. "बसा, बसा. साहेब आपलेच हायेत." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "साहेब, आता आलेच हा तं एक काम करा. मास्तरनं कितीकदा वाचलं. आता तुमी वाचा. पोलिसानं वाचलं पाह्यजे थे."

मी बूट बाहेर काढून आत गेलो आणि ते पान वाचलं. आयुष्यात कितीतरी हुकूम वाचले, वॉरंट वाचली, जप्तीचे कागद वाचले. पण 'बिना रोक-टोक' असं त्यातल्या एकाही कागदात नव्हतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोठेबाबा मान खाली घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर मी पासपोर्ट पोरीच्या हातात दिला.

ठाण्यात परतल्यावर मुंशीजींनी कलमाचं विचारलं, "साहेब, कौनसी धारा लगाऊं?" मी म्हटलं, चहा लगाओ.

शनिवारी ती नागपूरच्या बसनं निघाली. मला जायचं काही कारण नव्हतं, तरी गस्तीच्या निमित्तानं मी बस स्टँडवर गेलो. अर्धं सौंसर लोटलं होतं. पोरीला गर्दीतून दारापर्यंत जाताच येईना. मी शिपायाला पुढं पाठवणार, तेवढ्यात मोठेबाबा तिची पेटी खांद्यावर घेऊन पुढं निघाले. पायात कोरी करकरीत चप्पल होती.

त्या केसनं मला शिकवलं ते एवढंच. विरोध करणारा माणूस दिसला की आम्ही पोलीस त्याला संशयितांत धरतो. तो घाबरलेला आहे का, हे आधी विचारत नाही. आणि दुसरं म्हणजे, माझी सगळी नोकरी लोकांना थांबवण्यात गेली. गाड्या थांबवल्या, मोर्चे थांबवले, माणसं थांबवली. कुणाला जाऊ द्या, असं ओरडायची पाळी क्वचितच आली.

ते काम त्या दिवशी मोठेबाबांनी केलं. आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडत होते, "सरका बाप्पा, सरका! कोनी अडवू नका पोरीले, सरकारचा हुकूम हाये!" आणि लोक हसत हसत बाजूला होत होते. त्यांच्याबरोबर मीही दोन पावलं मागं सरलो.